ट्रॅव्हल ई-सिम, काही महिने वापरून: डेटा स्वस्त पडला, ओटीपीने छळलं

ट्रॅव्हल ई-सिम म्हणजे क्यूआर स्कॅन करून फोनमध्येच बसवायचं, परदेशातल्या डेटापुरतं सिम. क्यूआर स्कॅन कसा करायचा, हे इथे सांगत बसत नाही. ते आता सगळ्यांना येतं. परदेशात मोबाइलचं बिल वाचतं का? वाचतं, भरपूर वाचतं. डेटापुरतं बोलायचं तर पाचपैकी साडेचार. उरलेला अर्धा आणि वरून आणखी एक तारा ओटीपीपायी कापतोय.

कारण हा फेरा बघा. डेटा संपतो. टॉप-अप करायला अ‍ॅप उघडावं लागतं, अ‍ॅपला डेटा लागतो. कुठल्या तरी कॅफेचं वाय-फाय पकडून पेमेंटपर्यंत पोचलं, की बँक ओटीपी पाठवते भारतातल्या नंबरवर. आणि तो नंबर पैसे वाचवायला आपणच बंद करून ठेवलेला असतो. कस्टमर केअरच्या चॅटवर यावर एकच मंत्र: फोन रीस्टार्ट करा. भारतीयांना विकायचं, भारतीय कार्डावर पैसे घ्यायचे आणि टॉप-अपचं पान मात्र त्यांच्याच ई-सिमवर बिनडेटा उघडू द्यायचं नाही, हा प्रकार संतापजनक आहे. ज्या अ‍ॅपमध्ये डेटा संपल्यावरही टॉप-अपचं पान उघडतं, तेच घ्या. विकत घेण्यापूर्वी चॅटवर हा एकच प्रश्न विचारा.

म्हणून भारतीय सिम बंद करायचं नाही आणि फोनमधून काढायचं तर मुळीच नाही. लाइन चालू ठेवायची, फक्त तिचा डेटा तोडायचा. आयफोनमध्ये भारतीय लाइनचं डेटा रोमिंग बंद, ट्रॅव्हल ई-सिमचं डेटा रोमिंग चालू, आणि मोबाइल डेटासाठी ट्रॅव्हल ई-सिम निवडलेलं. ई-सिमचं रोमिंग चालू करायला लोक घाबरतात आणि मग 'नेट चालत नाही' म्हणून कंपनीला शिव्या देतात. ट्रॅव्हल ई-सिम मुळात बहुतेकदा कुठल्या तरी तिसऱ्याच देशातल्या कंपनीचं असतं. तुम्ही उतरता त्या देशात ते रोमिंगवरच चालतं. रोमिंगचा टॉगल, म्हणजे चालू-बंदचं बटण, बंद म्हणजे डेटा बंद.

खरा खिसेकापू टॉगल वेगळा आहे. आयफोनमध्ये त्याचं नाव 'अलाव सेल्युलर डेटा स्विचिंग', सॅमसंगमध्ये सिम मॅनेजरच्या आत 'ऑटो डेटा स्विचिंग'. इतर अँड्रॉइडवर नाव थोडं इकडेतिकडे. निवडलेल्या लाइनला रेंज नसेल तर फोन दुसऱ्या लाइनचा डेटा वापरू लागतो. डोंगरात, बोगद्यात, लिफ्टमध्ये ई-सिमची रेंज गेली आणि भारतीय लाइनचं रोमिंग चुकून चालू राहिलेलं असेल, तर पॅक नसलेल्या दराने एमबी मोजल्या जातात. दोन्ही बंद ठेवा. एक विसरलं तर दुसरं वाचवतं.

आता ओटीपी. येणारा एसएमएस डेटावर येत नाही, नेटवर्कच्या सिग्नलिंगवर येतो. त्यामुळे डेटा रोमिंग बंद असलं तरी तो येतो, आणि आपल्याकडच्या मोठ्या कंपन्या त्याचे पैसे घेत नाहीत. इतकं सोपं असेल तर अडतं कुठे? चार ठिकाणी.

एक, इंटरनॅशनल रोमिंग सेवाच नंबरवर चालू नसते. ती निघण्यापूर्वी ऑपरेटरच्या अ‍ॅपमधून चालू करायची. काही प्रीपेड नंबरांवर पॅक घेतल्याशिवाय परदेशातलं नेटवर्कच पकडलं जात नाही. तेव्हा 'रोमिंग चालू आहे का' असं मोघम न विचारता 'पॅक न घेता येणारे एसएमएस मिळतील का' हे चॅटवर विचारा आणि उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा.

दोन, रिचार्जची मुदत. ती संपली की फुकटचा एसएमएसही थांबतो. लांब मुक्काम असेल तर डेटा नसलेलं, फक्त कॉल-एसएमएसचं रिचार्ज घ्या. दूरसंचार नियामक ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलल्यापासून कंपन्यांना असे पॅक ठेवावे लागतात आणि त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. अ‍ॅपमध्ये ते पहिल्या पानावर दिसत नाहीत, शोधावे लागतात. मुलांकडे सहा महिने अमेरिकेत राहायला जाणाऱ्या आईवडिलांसाठी हेच योग्य. रोज दीड-दोन जीबीचं रिचार्ज तिकडे जळत ठेवण्यात अर्थ नाही.

तीन, निघण्याच्या आदल्या दिवशी सिम बदलणं. नवं सिम घेतलं किंवा साध्या सिमचं ई-सिम करून घेतलं, की फसवणूक टाळण्यासाठी २४ तास एसएमएस बंद राहतात. उड्डाणाच्या दिवशी हा उद्योग करू नका. मुळात भारतीय नंबर साध्या सिमवर आणि ट्रॅव्हलचा ई-सिमवर, हीच मांडणी ठेवा. फोन पडून फुटला तर साधं सिम पिनने काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येतं. भारतीय नंबर ई-सिमवर असेल तर तो परत मिळवण्याच्या प्रक्रियेत त्याच नंबरवर येणारा मेसेज लागू शकतो, म्हणजे पुन्हा तोच फेरा.

चौथं कारण कोणी सांगत नाही, आणि अलीकडे सगळ्यात जास्त तेच नडतं. अमेरिकेत २०२२ मध्ये थ्रीजी बंद झालं, सिंगापूर आणि ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये. तिथे कॉल फक्त व्होल्टीवर, म्हणजे फोरजीवरून, होतात, आणि त्यासाठी आपल्या ऑपरेटरचा तिथल्या कंपनीशी तसा करार लागतो. करार नसेल आणि फोनला आवाजाची सोय दिसली नाही, तर फोन ते नेटवर्कच सोडून देतो. वर 'नो सर्व्हिस' दिसतं आणि ओटीपी हवेतच विरतो. उपाय: भारतीय लाइनचं नेटवर्क सिलेक्शन ऑटोमॅटिकवरून काढा, यादी यायला मिनीट-दोन मिनिटं लागतात, आणि एकेक कंपनी निवडून बघा. बहुतेक वेळा एखादी तरी पकडते. ही चाचणी विमानतळाच्या वाय-फायवरच उरकायची. नेटबँकिंगमध्ये लॉगिन करून मुद्दाम ओटीपी मागवायचा. आला तर बाहेर पडायचं, नाही आला तर तिथेच बसून नेटवर्क बदलायचं. संध्याकाळी हॉटेलच्या काउंटरवर कार्ड अडल्यावर हे करत बसणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

यूपीआयची वेगळी गंमत आहे. आधीपासून नोंदवलेलं अ‍ॅप ई-सिमच्या डेटावर साधारण चालतं, पण लॉगआउट झालं किंवा फोन बदलला की पुन्हा नोंदणीसाठी तुमच्या सिमवरून एक एसएमएस बाहेर जावा लागतो. परदेशातून तो बऱ्याचदा जातच नाही, गेला तर पैसे लागतात. तेव्हा प्रवासात पेमेंट अ‍ॅप अपडेट करणं, कॅशे (अ‍ॅपने साठवलेली तात्पुरती माहिती) साफ करणं असले प्रयोग नकोत. व्हॉट्सअ‍ॅप 'नंबर बदललात का' विचारेल. नाही म्हणा, जुनाच नंबर चालतो. आयफोनवाल्यांनी आयमेसेज आणि फेसटाइम बंद-चालू करू नये. चालू होताना फोन गुपचूप एक आंतरराष्ट्रीय एसएमएस पाठवतो आणि त्याचे पैसे भारतीय सिमवरून कापले जातात.

पैसे कसे भरायचे यातही फरक आहे. रुपयात घेणाऱ्या भारतीय गेटवेवर (पैसे वळते करणाऱ्या सेवेवर) ओटीपी बहुतेकदा लागतोच. डॉलरमध्ये घेणारा विक्रेता पुष्कळदा ओटीपी मागत नाही, पण तिथे कार्डाचं फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परकीय चलनावरचं बँकेचं शुल्क, बसतं: बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ४.१३ टक्के. २० डॉलरच्या प्लॅनवर ही रक्कम किरकोळ आहे. ओटीपीच्या कटकटीपेक्षा ती परवडते. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहेत ना, हे मात्र आधी बघा, नव्या कार्डांवर ते बंदच येतात. त्याहून चांगलं म्हणजे अ‍ॅपच्या वॉलेटमध्ये घरूनच थोडी रक्कम भरून ठेवणं.

विक्रेता निवडतानाही डोळे उघडे हवेत. २०२४ च्या जानेवारीत दूरसंचार विभागाने एअरालो आणि होलाफ्लाय यांची अ‍ॅप भारतात बंद करायला लावली, कारण परदेशी सिम इथे विकायला लागणारं ना-हरकत प्रमाणपत्र त्यांच्याकडे नव्हतं. परवानगी असलेले विक्रेते पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत मागतात. त्यात वेळ जातो, म्हणून दोन-तीन दिवस हातात ठेवून घ्या. त्याआधी फोनवर *#०६# दाबून ३२ आकडी ईआयडी (फोनमधल्या ई-सिम चिपचा क्रमांक) दिसतो का ते बघा. दिसला नाही तर फोनमध्ये ई-सिम नाही. भारतात विकले जाणारे कितीतरी मधल्या किमतीचे फोन या बाबतीत कोरडे आहेत.

आता मत बदललं ते सांगतो. सुरुवातीला 'अनलिमिटेड' प्लॅन मला सगळ्यात निश्चिंत वाटले होते. आता ते घेत नाही. रोजची ठरलेली मर्यादा संपली की वेग कधी १२८ केबीपीएसवर, कधी एक एमबीपीएसवर आणतात, आणि हॉटस्पॉटवर अनेकदा वेगळी बंधनं असतात. १२८ वर व्हॉट्सअ‍ॅपचा आवाजी कॉल कसाबसा निभतो, नकाशा उघडेपर्यंत मात्र वळण मागे पडतं. ठरलेल्या जीबीचा प्लॅन जास्त प्रामाणिक. नकाशावर रस्ता दाखवायला तासाला पाच-दहा एमबी लागतात, व्हॉट्सअ‍ॅपच्या आवाजी कॉलला तीस-चाळीस, व्हिडिओ कॉलला अडीचशे-तीनशे. रील्स आणि ७२० पिक्सेलचा व्हिडिओ तासाला एक जीबीच्या वर जातो. फोटोंचा बॅकअप तर हॉटेलच्या वाय-फायवरच. एक बारकावा: ट्रॅव्हल ई-सिमवर फोन स्वतःला रोमिंगमध्ये समजतो. त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपच्या ऑटो-डाउनलोडमधला 'रोमिंगमध्ये असताना' हा भाग (तो अँड्रॉइडवर असतो) इथे लागू होतो. तिथली सगळी खूण काढून टाका. नाहीतर नातेवाइकांच्या ग्रुपवरचे सुप्रभात तुमच्या जीबीतून उतरतील.

'युरोप' प्लॅनबद्दलचं मतही खाली आलंय. १५ जून २०१७ पासून युरोपीय संघात घरच्याच दरात रोमिंग आहे; नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइनही त्यात येतात. स्वित्झर्लंड येत नाही. आणि आपल्याकडच्या युरोप टूर कुठे जातात? युंगफ्राऊला, म्हणजे स्वित्झर्लंडमध्येच. स्थानिक फ्रेंच किंवा इटालियन सिम घेऊन स्वित्झर्लंडमध्ये शिरलं की ते बऱ्याचदा बंद पडतं किंवा पैसे खातं. ब्रिटनलाही आता तो नियम बांधील नाही. ट्रॅव्हल ई-सिम घेताना 'युरोप' या नावावर जाऊ नका, देशांची यादी उघडून स्वित्झर्लंड आणि ब्रिटन शोधा. जिनिव्हाजवळ फ्रान्सच्या हद्दीत राहूनही फोन स्विस टॉवर पकडतो, तिथे नेटवर्क हाताने निवडा.

क्रूझ आणि विमान यांना जमिनीवरचा पॅक सहसा लागू नसतो, भारतीय ऑपरेटरचा असो की ई-सिमचा. वर 'एरोमोबाइल' किंवा 'टेलेनॉर मेरिटाइम' असं नाव दिसलं की समजा, उपग्रहाचं नेटवर्क पकडलंय. फेरीबोटीत बसताना, बंदर सुटण्यापूर्वीच एरोप्लेन मोड.

एका बाबतीत मात्र गुण वाढवतो, आणि हा फायदा विकणारे स्वतःही नीट सांगत नाहीत. दुबईत तिथल्या नेटवर्कवर व्हॉट्सअ‍ॅप कॉल लागत नाहीत, चीनमध्ये व्हॉट्सअ‍ॅप आणि गूगल दोन्ही बंद. पण बरीच ट्रॅव्हल ई-सिम डेटा कंपनीच्या मूळ देशातून, म्हणजे हाँगकाँग, सिंगापूर, पोलंड वगैरेंतून इंटरनेटवर सोडतात, म्हणून तिथे सगळं सुरळीत चालतं. तोटाही याच कारणाने: वेग थोडा मंद, आणि भारतातली ओटीटी अ‍ॅप इंटरनेटचा परदेशी पत्ता बघून नकार देतात. काही ई-सिम डेटा स्थानिक पातळीवरच इंटरनेटवर सोडतात, त्यांवर हा फायदा मिळत नाही. विकत घेण्यापूर्वी विचारा.

भारतीय ऑपरेटरचा रोमिंग पॅक वाईटच असं नाही. दोन-तीन दिवसांचं कामाचं जाणं असेल, भारतीय नंबरवर कॉल घ्यावेच लागणार असतील, तर तो सरळ घ्या. फक्त 'एक दिवस' म्हणजे पहिल्या वापरापासून २४ तास, की भारतीय वेळेनुसार रात्री बारापर्यंत, हे बारीक अक्षरात वाचा. न्यूयॉर्कला दुपारी उतरून घेतलेला दिवस रात्री बाराच्या हिशेबाने दोन-तीन तासांत संपू शकतो. पॅक नसेल तर आलेला कॉल उचलू नका. पाच सेकंद बोललं तरी पूर्ण मिनिटाचे पैसे. पर्सनल लोनवाले पहाटे तीनला फोन करतात आणि झोपेत बोट लागतं, म्हणून अनोळखी नंबर सायलेंट करा. निघण्यापूर्वी ##००२# डायल करून सगळं कॉल फॉरवर्डिंगही काढा, नाहीतर न उचललेला कॉल वळवण्याचेही पैसे लागतात. बँकेचा १८०० वाला नंबर बाहेरून बऱ्याचदा लागत नाही, कार्डामागचा +९१ वाला सेव्ह करून ठेवा.

बसवण्याबद्दल शेवटचं. ई-सिम घरच्या वाय-फायवर बसवा, पण मुदत बसवल्यापासून सुरू होते की परदेशातलं नेटवर्क पकडल्यापासून, हे आधी वाचा. डेटा येत नसेल तर एपीएन (फोनला नेटशी जोडणारी सेटिंग) रिकामं आहे का बघा, ते प्लॅनच्या तपशिलात दिलेलं असतं. आणि अडलं म्हणून ई-सिम डिलीट करू नका: बहुतेक क्यूआर एकदाच चालतात, डिलीट झालेल्याचे पैसे परत मागितले तर नियम दाखवतात. लाइन बंद-चालू करा, नेटवर्क हाताने निवडा, आणि तरीही नाही झालं तर चॅटवर पहिल्याच मेसेजमध्ये ईआयडी, फोनचं मॉडेल, निवडलेलं नेटवर्क आणि एपीएनचा स्क्रीनशॉट एकत्र टाका. तेवढं दिलं की रीस्टार्टचा मंत्र एकदाच ऐकावा लागतो.