रस्ता आधी की भुयारी गटार आधी? मुंबई आणि आसपासच्या नगरपरिषदांसाठी तुलनात्मक आढावा

अंबरनाथ असो, खोपोली असो, नाहीतर मुंबई महापालिकेचा एखादा प्रभाग असो, हे दोन विषय बहुधा एकाच सभेपुढे येतात: अमुक रस्त्याचं काँक्रिटीकरण आणि तमुक भागाची मलवाहिनी. निधी दोन्हींना पुरत नाही. मत देताना नगरसेवकाच्या हातात असतात ते लांबी आणि रक्कम हे दोनच आकडे, आणि तेवढ्यावर रस्ता हमखास जिंकतो. तो वर्षभरात होतो, लोकांना दिसतो. गटाराला तीन-चार वर्षं लागतात आणि तोवर गाव खोदलेलं असतं.

आमचं म्हणणं असं, की हा निर्णय अख्ख्या गावासाठी एकदम घेऊच नये. तो गल्लीगणिक घ्यावा. जिथे मलवाहिनी नाही किंवा असलेली फुटकी आहे तिथे काँक्रीट टाकू नये. जिथली वाहिनी धड आहे तिथला रस्ता ‘गटार योजना येणार आहे’ म्हणून अडवून ठेवू नये.

मुंबईचं उदाहरण समोर आहे. महापालिकेच्या ताब्यात साधारण २,०५० किलोमीटर रस्ते आहेत. त्यातल्या ७०१ किलोमीटरचं काँक्रिटीकरण दोन टप्प्यांत हाती घेतलं गेलं. नव्या काँक्रीटवर पुन्हा चर पडू लागल्यावर २०२५ मध्ये असे रस्ते खोदायला मनाई करावी लागली. मनाई योग्यच आहे, पण तिचा दुसरा अर्थही लक्षात घ्या. त्या रस्त्याखाली जे राहून गेलं ते आता अनेक वर्षं तसंच राहणार. त्याच काळात वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर इथे मिळून दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटर क्षमतेची सात मलजल प्रक्रिया केंद्रं उभी राहत आहेत. मुंबईला दोन्ही कामं एकदम पेलता येतात, कारण तिच्यापाशी ठेवी आहेत आणि पाणीपुरवठा व मलनिःसारणाचं वेगळं अंदाजपत्रक आहे. लहान नगरपरिषदेला ती चैन नाही. तिने क्रम चुकवला तर खर्च दुप्पट होतो आणि दुसऱ्यांदा अनुदान मिळत नाही.

दुप्पट म्हणजे किती

सहा मीटर रुंद आणि एक किलोमीटर लांब रस्ता धरा. २०० मिलिमीटर जाडीच्या काँक्रीटला १,२०० घनमीटर माल लागतो. सहा घनमीटरच्या मिक्सर गाडीच्या या २०० खेपा. दोन वर्षांनी त्याच रस्त्यात १.२ मीटर रुंदीचा चर काढायचा ठरला, की २४० घनमीटर काँक्रीट फोडून डेब्रिज म्हणून फेकावं लागतं. हे फक्त मुख्य वाहिनीचं. प्रत्येक इमारतीच्या घरजोडणीचा आडवा काप वेगळा. काँक्रीटचा तुकडा मध्येच कापला, की शेजारच्या तुकड्यांना जोडणारे डॉवेल बार तुटतात. भार एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जायचा थांबतो आणि न कापलेल्या भागालाही कडेने तडे जातात. डांबरी रस्त्यात चर बुजवून वर थर टाकता येतो. काँक्रीटमध्ये पूर्ण तुकडा, म्हणजे सांध्यापासून सांध्यापर्यंत, काढून नव्याने टाकल्याशिवाय दुरुस्ती टिकत नाही.

रस्ता खचतो तेव्हा दोष बहुधा खालचा असतो

सभेत सर्वांत कमी बोललं जातं ते यावर. खड्डा दोन प्रकारचा असतो. एक वरून पडतो: पाणी डांबराच्या थरात शिरतं, खडीवरचं डांबर सुटतं, चाकं खडी उडवतात. तो उथळ असतो आणि त्याचा इलाज रस्त्याच्या खात्याकडे आहे. दुसरा खालून येतो. जुन्या चिनीमातीच्या किंवा सिमेंटच्या पाइपांचे सांधे उघडतात. पावसाळ्यात भूजल वर आलं, की ते सांध्यातून आत घुसतं आणि सोबत बारीक माती नेतं. वाहिनीच्या वर पोकळी वाढत जाते. वरचा थर तेवढाच तोलून राहतो आणि एखाद्या दिवशी पाण्याचा टँकर गेला, की आत बसतो. काँक्रीट इथे जास्त फसवं ठरतं. ते पोकळीवरही बराच काळ तग धरतं, म्हणून आधी सूचना मिळत नाही.

वाहिनी सडते ती वरच्या बाजूने, हेही ध्यानात ठेवावं. मैला संथ वाहिला की त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो. पाइपाच्या ओल्या छतावरचे जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात आणि ते सिमेंट खातं. तळ शाबूत आणि छत भुसभुशीत अशी अवस्था होते. मॅनहोलचं झाकण उघडून वरून डोकावणाऱ्याला वाहतं पाणी दिसतं आणि शेरा पडतो ‘वाहिनी चालू स्थितीत’. या शेऱ्यावर कोणताही रस्ता मंजूर करू नका. सीसीटीव्ही कॅमेऱ्याने केलेली तपासणीच मागा. आधी जेटिंगने, म्हणजे जोरदार दाबाच्या पाण्याने, वाहिनी धुऊन घ्यायची, मग कॅमेरा सोडायचा. मॅनहोल ते मॅनहोल चित्रण, त्यावर अंतराची नोंद, आणि प्रत्येक तुकड्याला ‘ठीक’, ‘आतून दुरुस्ती’, ‘बदलावी’ यांपैकी एक निकाल. गाळ न काढता घेतलेल्या चित्रणात निम्मा पाइप पाण्याखाली असतो. ते परत पाठवा.

खोदून बदलायची की आतून अस्तर?

वाहिनी खराब निघाली तरी दर वेळी चर काढावा लागत नाही. रेझिनमध्ये भिजवलेलं अस्तर मॅनहोलमधून आत सोडून गरम पाण्याने, वाफेने किंवा अतिनील दिव्याने कडक करता येतं. गिरगाव-काळबादेवीसारख्या दाट वस्तीत किंवा स्टेशनरोडवर हाच मार्ग बरा, कारण रस्ता फुटत नाही. काम चालू असताना मैला पंपाने वळवून पुढच्या मॅनहोलमध्ये सोडावा लागतो. त्याची तरतूद अंदाजपत्रकात आहे का, हे पाहा. नसेल तर काम अर्ध्यावर थांबतं.

पण अस्तर उतार दुरुस्त करत नाही. वाहिनी मध्येच बसली असेल आणि तिथे मैला साचत असेल, तर अस्तर टाकूनही तुंबणारच. व्यास अपुरा असेल तरी अस्तराचा उपयोग नाही. आतला व्यास उलट किंचित कमीच होतो. अशा ठिकाणी खोदाईच हवी. खोदाईत सर्वाधिक बिघडतं ते चर भरताना. १५० ते २०० मिलिमीटरचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि दाब, असं भरायचं असतं. प्रत्यक्षात बऱ्याचदा डंपर उलटा केला जातो आणि वरून एकदाच रोलर फिरतो. पहिल्या पावसाळ्यात चराच्या रेषेत रस्ता बसतो आणि दोष रस्त्याच्या कंत्राटदारावर जातो. म्हणून चर भरणं आणि रस्ता पूर्ववत करणं एकाच कंत्राटदाराकडे, एकाच दोषदायित्वाखाली (ठरलेल्या मुदतीत निघालेला दोष कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची जबाबदारी) ठेवा.

पैसा: मिळणारा आणि नंतर लागणारा

रस्त्याला पैसा अनेक वाटांनी येतो: स्वतःचं उत्पन्न, जिल्हा नियोजन, राज्याची नगरोत्थान योजना, आमदार निधी. त्यातला बराचसा त्याच आर्थिक वर्षात खर्च करायचा असतो आणि घाई तिथूनच सुरू होते. गटाराचा पैसा मोठा, पण अटींचा. २०२१ मध्ये सुरू झालेल्या अमृत २.० या केंद्राच्या शहरी पाणी-मलनिःसारण योजनेत एक लाखाखालच्या शहरांना केंद्राचा वाटा ५० टक्के, एक ते दहा लाख लोकसंख्येला एक तृतीयांश, त्यावर २५ टक्के. हा पैसा २०, ४० आणि ४० टक्के अशा तीन हप्त्यांत येतो. त्यातली मलनिःसारणाची कामं मूळ ५०० अमृत शहरांपुरती आहेत. एक लाखाखालच्या गावाने सांडपाण्यासाठी स्वच्छ भारत अभियान (नागरी) २.० कडेही पाहावं. पुढचा हप्ता कामाच्या प्रगतीवर असतो, त्यामुळे जागेचा ताबा नसताना मंजुरी घेणं म्हणजे पहिल्या हप्त्यातच अडकणं. प्रक्रिया केंद्राचा आणि पंपिंग स्टेशनचा सातबारा नगरपरिषदेच्या नावावर झाल्याशिवाय कार्यादेश देऊ नका.

आता नंतरचा खर्च. इथे तुलना उलटी फिरते. रस्ता झाला की पाच-दहा वर्षं मोठा खर्च नसतो. प्रक्रिया केंद्र मात्र सुरू झाल्या दिवसापासून वीज, रसायनं, गाळ उचलणं आणि माणसं मागतं, आणि त्यासाठी अनुदान मिळत नाही. त्यामुळेच कित्येक केंद्रं उद्घाटनानंतर दिवसाचे काही तासच चालवली जातात. त्यातले जिवाणू हवेवर जगतात. हवा सोडणारे ब्लोअर बंद राहिले की ते मरतात आणि पुन्हा वाढायला आठवडे लागतात.

आकार ठरवतानाही फसगत होते. ६०,००० वस्तीच्या गावाला माणशी १३५ लिटर पाणी धरलं तर दिवसाला ८१ लाख लिटर होतं. त्याचं ८० टक्के सांडपाणी, म्हणजे सुमारे साडेसहा दशलक्ष लिटर. पण एक तृतीयांश घरंच जोडली गेली, तर केंद्रात येतं जेमतेम दोन. बाकीचं सेप्टिक टँकमधून नाल्यात आणि नाल्यातून उल्हास किंवा वालधुनीत. मोठ्या वाहिनीत थोडा प्रवाह संथ होतो. स्वतःच गाळ वाहून नेण्यासाठी वाहिनीला सेकंदाला किमान ०.६ मीटर वेग लागतो. तो मिळाला नाही की गाळ बसतो, वायू होतो आणि मघाशी सांगितलेलं सडणं पहिल्या दिवसापासून सुरू होतं. घरजोडणी ही योजनेची शेवटची पायरी मानली जाते, तिथेच योजना बुडते. इमारतीच्या आवारातल्या चेंबरपर्यंतचा पाइप मूळ निविदेतच घ्या, तो रहिवाशांवर सोडू नका. योजना दोन-तीन विभागांत पाडा आणि एका विभागाच्या घरजोडण्या झाल्याशिवाय पुढच्या विभागाची मुख्य वाहिनी सुरू करू नका.

खर्च भरून काढायचे मार्ग दोन. मुंबईत मीटर असलेल्या जोडणीला पाणी आकाराच्या ७० टक्के मलनिःसारण आकार लागतो. नगरपरिषदेने एवढा लावायची गरज नाही, पण शून्य ठेवून केंद्र चालत नाही. दुसरा मार्ग प्रक्रिया केलेलं पाणी विकण्याचा. नागपूरचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला जातं. अंबरनाथ-बदलापूरच्या उंबरठ्यावर एमआयडीसी आहे. ग्राहक आधी शोधला तर केंद्राची जागाही त्याच्या जवळ निवडता येते.

रस्त्यालाच मत द्यायचं असेल तर

वाहिनी ‘ठीक’ निघाली तर काँक्रीट खुशाल करा. मुंबईच्या पावसात ते डांबरापेक्षा टिकतं. एम-४० दर्जा, खाली सुक्या काँक्रीटचा थर, साडेचार मीटरवर सांधे. हे सांधे काँक्रीट टाकल्यापासून काही तासांतच कापायचे असतात. दुसऱ्या दिवशीवर ढकलले तर काँक्रीट स्वतःच वाटेल तिथे तडकतं. क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं, १४ दिवस. मॅनहोलची चौकट रस्त्याच्या पातळीला आणि उताराला जुळलेली हवी. एका किलोमीटरला, ३० मीटरवर एक या हिशोबाने, तीसच्या वर मॅनहोल येतात आणि दुचाकीस्वार पडतात ते बहुतेक तिथेच. दोषदायित्व मुंबईत १० वर्षांचं मागितलं जातं. त्याहून कमी स्वीकारू नका.

वाहिनी दोन-तीन वर्षांत बदलायची असेल, तर तोवर डांबराचा पातळ थर किंवा पेव्हर ब्लॉक पुरे. पेव्हर जड वाहतुकीखाली खचतात, पण गल्लीत काढून परत लावता येतात, हे त्यांचं मोल. खड्डे मात्र नीट बुजवा: कडा चौकोनी कापून, धूळ आणि पाणी काढून, टॅक कोट (चिकटण्यासाठी डांबराचा हात) मारून मॅस्टिक (गरम, घट्ट डांबरमिश्रण). पाणी साचलेल्या खड्ड्यात ओतलेलं कोल्डमिक्स (न तापवता वापरायचं डांबरमिश्रण) दोन सरींत निघतं.

‘तोवर थांबू’ म्हणताना जबाबदारी थांबत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्याने किंवा उघड्या मॅनहोलने जीव गेल्यास वारसांना ६ लाख, जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. दुसऱ्या बाजूला, गटारात उतरलेल्या कामगाराचा मृत्यू झाल्यास सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये भरपाई १० वरून ३० लाखांवर नेली. संरक्षक साधनं आणि खबरदारी नसेल तर माणूस खाली उतरवायचाच नाही, हा हाताने मैला साफ करण्याला मनाई करणाऱ्या २०१३ च्या कायद्याचा अर्थ आहे. म्हणून गटारासाठी मत देताना जेटिंग आणि सक्शनची गाडी त्याच ठरावात घ्या, आणि ती गाडी जाणार नाही अशी गल्ली असेल तर लहान यंत्र.

ठरावाचा मसुदा करताना एवढं घाला: रस्त्यांची यादी कॅमेरा तपासणीच्या निकालासह, पाणी, वीज आणि केबलवाल्यांकडून ‘पुढची पाच वर्षं खोदणार नाही’ असं लेखी, चरांची कामं १ ऑक्टोबर ते ३१ मे याच काळात, आणि मे संपायच्या आत बुजवता येणार नाही असा चर १५ एप्रिलनंतर उघडायचा नाही.