नाना पेठेतला ‘सर्व गाड्यांसाठी’ नट सेट: ॲलॉयचे नट सैल होण्यावर कितपत उपयोगी?

गाडीला ॲलॉय (मिश्रधातूची चाकं) बसवले, आठवड्यात नट सैल. आवळले, पुन्हा सैल. अशा गाडीला टायरवाला हमखास नवा नट सेट सुचवतो. पुण्याच्या नाना पेठेत बिननावाच्या खोक्यात मिळतो तोच: बंद टोपीचे सोळा क्रोम नट, १९ मिमीचं डोकं आणि प्लास्टिकच्या चार हब रिंगा (हब म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला गोल भाग; त्याच्या आणि चाकाच्या भोकातली फट रिंग भरते). खोक्यावर छापलंय ‘सर्व गाड्यांसाठी’. ते वाचून सोडून द्यायचं.

मारुतीचे आटे १२ × १.२५ (स्टडची, म्हणजे नट ज्यावर चढतो त्या खिळीची जाडी × दोन आट्यांतलं अंतर, मिमीत), होंडा-ह्युंदाईचे १२ × १.५. चुकीचा नटही हाताने दोन-तीन फेरे निमूट चढतो, मग अडतो. तिथे गन (नट फिरवणारं हवेचं किंवा विजेचं यंत्र) लावली की स्टडचे आटे गेलेच. योग्य नट हाताने शेवटपर्यंत फिरायला हवा: १.२५ ला किमान नऊ-दहा फेरे, १.५ ला आठ. बंद टोपीचा नट असेल तर स्टडचं टोक आत टोपीला टेकत नाही ना, तेही पाहा. टेकलं तर पाना घट्ट लागतो, चाक मात्र सैलच राहतं.

आता नटाचं बूड, म्हणजे चाकाच्या खड्ड्यात टेकणारी बाजू. बाजारातल्या बहुतेक ॲलॉयना ६० अंशांचं निमुळतं बूड लागतं आणि या सेटचं तसंच आहे. होंडाचे मूळ नट गोल बुडाचे. निमुळत्या खड्ड्यात ते बारीक रेघेपुरतेच टेकतात. बुडाला मार्कर फासा, नट हलका आवळून काढा. शाई रुंद पट्ट्यात घासली गेली तर बूड जुळलं; नुसती रेघ उमटली तर तो नट कितीही आवळा, सुटणारच. त्यामुळे होंडावाल्याने १.५ आट्यांचा सेट जरूर घ्यावा. मारुतीचे मूळ नट निमुळतेच असतात. ॲलॉयच्या भोकात पाना नीट जात असेल, तर मारुतीवाला फक्त चकाकीचे पैसे मोजतो.

खोक्यातली खरी कामाची वस्तू म्हणजे रिंगा. बाजारातल्या अनेक ॲलॉयचं मधलं भोक ७३.१ मिमी, स्विफ्टचा हब ५४.१. रिंग नसली की चाक नटांवर लोंबकळतं आणि पहिला नट पूर्ण आवळला की तिरकं बसतं. रिंगेवर दोन्ही मापं छापलेली असतात, ती वाचून घ्या, ५४.१ ऐवजी ५६.१ ची रिंग बसल्यासारखी वाटते, पण कामाची नाही. प्लास्टिक शहरात चालतं. घाटात ब्रेक तापवणाऱ्यांनी ॲल्युमिनियमची घ्यावी, हबला मात्र गंज नको, नाहीतर ती तिथेच चिकटते.

एवढं जुळूनही नट सुटत असतील, तर दोष बसवण्यात आहे. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढलेला नसतो. नव्या ॲलॉयच्या नटाच्या खड्ड्यात रंगाचा थर असतो. तो दबला की ताण उतरतो, चाक हबवर किंचित सरकायला लागतं आणि नट आपोआप उलटा फिरतो. भोकाभोवती काळी भुकटी किंवा गंजाचे ओघळ दिसले तर हेच चाललंय. भोक लांबट झालं असेल तर ते चाक बाद.

चाक हवेत असतानाच नट हाताने, मग हलक्या पान्याने समोरासमोरच्या क्रमाने लावा. चाक टेकवून टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना) दोन टप्प्यांत आवळा. मारुतीला मॉडेलप्रमाणे ८५ ते १०० न्यूटन मीटर, होंडाला १०८. शेवटचा शब्द गाडीच्या मॅन्युअलचा. आट्यांना ग्रीस लावू नका, त्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो. गन फक्त नट काढायला. ५० ते १०० किलोमीटर झाले की चाकं थंड असताना पुन्हा तपासा. पुण्यात हे अंतर दोन दिवसांत होतं, आणि तेवढ्यात स्पीडब्रेकर किती, ते मोजायच्या भानगडीत पडू नका.

सेटला पाचपैकी तीन. क्रोमची टोपी वेगळी बसवलेली असल्यामुळे ती पावसाळ्यात फुगते, मग १९ चा सॉकेट चढत नाही. साधे काळे एकसंध नट जास्त टिकतात. मूळ नट मात्र टाकू नका. स्टेपनी लोखंडी असेल तर होंडाचे गोल बुडाचे चार डिकीत हवेत.