वर्गासाठी जिवंत जेलीफिश मागवले, त्याचा अनुभव

मी जीवशास्त्र शिकवते. वर्गासाठी जिवंत जेलीफिश मागवण्याची ही माझी तिसरी खेप, आणि समुद्रातून जीव गोळा करून पुरवणाऱ्या या संग्राहकांकडून पहिलीच. सहा मून जेलीफिश, दोन कॅसिओपिया जातीचे जेलीफिश आणि मून जेलीफिशचे पॉलिप (एका जागी चिकटून राहणारी बालावस्था) असलेली एक काचपट्टी, एवढं मागवलं होतं. खोकं उघडल्यावर आधी नजर गेली ती प्रत्येक पिशवीवरच्या चिठ्ठीकडे. पकडल्याची तारीख, तिथल्या पाण्याचं तापमान, खारेपणा, शेवटचं खाणं कधी दिलं, सगळं पेनाने लिहिलेलं. या एका गोष्टीसाठी त्यांना पैकीच्या पैकी गुण. हे आकडे नसतील तर आपल्या टाकीचं पाणी कशाशी जुळवायचं? आधीच्या एका ठिकाणाहून आलेल्या पिशव्यांवर फक्त माझा पत्ता होता, आणि दुसऱ्या दिवशी त्या जेलीफिशच्या छत्र्या, म्हणजे घुमटासारखी अंगं, वादळात उलटलेल्या छत्रीसारख्या बाहेरच्या बाजूला वळल्या होत्या.

मागणी नोंदवली तेव्हा त्यांनी मला तीन आठवडे थांबायला सांगितलं. समुद्रात तेव्हा मिळणारे मून जेलीफिश फार लहान होते आणि प्रवासात टिकले नसते. घाई होती म्हणून मी थोडी चिडले, पण त्यांचं बरोबर होतं. समुद्रातून गोळा करायचा जीव हंगामानेच मिळणार. शिवाय टाकीचा फोटो पाहिल्याशिवाय त्यांनी होकार दिला नाही. चौकोनी टाकीत जेलीफिश कोपऱ्यात अडकतो, काचेला घासून छत्री फाटते आणि फिल्टरच्या तोंडाशी ओढला गेला तर संपलंच. त्याला क्रायझेल लागते, म्हणजे कोपरे नसलेली, पाणी संथ गोल फिरत ठेवणारी टाकी. पुढच्याने आधी टाकी विचारली, यातच त्याला जिवाची काळजी आहे हे कळतं.

हे लोक जेलीफिश जाळीने उचलत नाहीत, भांड्यात पाण्यासकट घेतात. छत्रीच्या कडेचे बारीक तंतू शाबूत होते त्यावरून ते दिसतच होतं. पिशव्या काठोकाठ भरलेल्या, आत हवा नाही. माशांच्या पिशवीत हवा ठेवतात, इथे ती घातक. एका पिशवीत मात्र हरभऱ्याएवढा बुडबुडा राहून गेला होता. तो छत्रीखाली अडकला, मला काढता आला नाही, चौथ्या दिवशी तिथे आरपार भोक पडलं आणि पाचव्या दिवशी तो जेलीफिश गेला. फोटो पाठवल्यावर त्यांनी वाद न घालता दुसरा पाठवला. तरी तो बुडबुडा बांधताना दिसायला हवा होता, आणि त्याचे गुण मी कापतेच.

उरलेले पाच उत्तम. आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या इवल्या जिवाची, नुकती फुटलेली पिल्लं पाण्यात सोडून बाजूने टॉर्च धरला की वर्ग गप्प होतो. नारिंगी ठिपके छत्रीवर चिकटतात, चिकट द्रावाबरोबर हळूहळू कडेला सरकतात, आणि तिथून खालच्या झालरीसारख्या भुजा ते टिपून घेतात. थोड्या वेळाने पोट नारिंगी दिसू लागतं. मेंदू नसलेला जीव हे करतो! एका मुलीने कडेवरच्या संवेदी गाठी मोजल्या, आठ भरल्या, मग तिने बाकीच्या चारही जेलीफिशच्या मोजल्या.

हे असले जीव गोळा कशाला करायचे, असं एकाने विचारलं. मी त्याला जपानी शास्त्रज्ञ ओसामु शिमोमुरा यांची गोष्ट सांगितली. १९६१ च्या उन्हाळ्यात ते अमेरिकेतल्या फ्रायडे हार्बरला एक्वोरिया जातीचे जेलीफिश एकेक करून पाण्यातून काढत होते, कडेची चमकणारी पट्टी कापून घेत होते, आणि असे हजारो. त्यातून एक्वोरिन हे निळा प्रकाश देणारं प्रथिन आणि दुसरं हिरवं चमकणारं प्रथिन हाती आलं. या हिरव्या प्रथिनासाठी त्यांना आणि आणखी दोघांना २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आज पेशीतलं एखादं प्रथिन कुठे जातं ते पाहायला हीच खूण वापरतात.

पहिल्यांदाच मागवणार असाल तर माझं मत कॅसिओपियाला. तो तळाशी उताणा पडून राहतो, त्याच्या शरीरातली शैवालं प्रकाशावर अन्न तयार करतात, त्यामुळे क्रायझेलही लागत नाही. चांगला दिवा आणि स्वच्छ खारं पाणी हवं. फक्त हात घालताना हातमोजे घाला. तो दंशपेशी असलेला चिकट द्राव पाण्यात सोडतो, त्यामुळे त्याला न शिवताही कातडी चुरचुरते. सूचनापत्रकात हे ठळक लिहिलं आहे. पण काम झाल्यावर जेलीफिश किंवा टाकीचं पाणी समुद्रात, खाडीत सोडू नका, हे त्यात कुठेच नाही. परक्या पाण्यात परका जीव सोडण्याचा धोका एवढा मोठा असताना ते पहिल्या ओळीत हवं. मी त्यांना तसं कळवलं आहे.

काचपट्टी मी पाच आठवडे थंड पाण्यात ठेवली आहे. गार पाण्याने पॉलिप विभागायला लागतात आणि त्याच्या चकत्या सुटून छोटे जेलीफिश होतात. परवा भिंगातून पाहिलं तर तीन पॉलिपना आडव्या वळ्या पडल्या होत्या, आज त्यातला एक बशांच्या उतरंडीसारखा दिसतोय आणि सर्वांत वरची बशी अधूनमधून आखडते आहे.