मारुती 800 चं 796 सीसी इंजिन: सव्वादोन लाख किलोमीटरनंतर

आमची 800 सन 1997 ची. कार्ब्युरेटरवाली (म्हणजे पेट्रोल-हवा मिसळायला साधं यांत्रिक उपकरण), चार गिअरची, रंग एकेकाळी पांढरा. वडिलांनी घेतली, त्यांच्यानंतर माझ्याकडे आली. मीटरवर सव्वादोन लाख दिसतात, पण मधे आठ-नऊ महिने मीटरची केबल तुटलेली होती, त्यामुळे खरा आकडा जरा पुढचाच धरा. सोलापुरात माझं मेडिकलचं दुकान आहे, म्हणून आमचा मिस्त्री मला 'डॉक्टर' म्हणतो. गाडीचं मला जे थोडंफार कळतं ते त्याच्या गॅरेजमधल्या स्टुलावर बसून. आता भाच्याच्या डोक्यात जुनी 800 घ्यायचं खूळ शिरलंय. "मामा, इंजिन टिकतं का हो त्याचं?" असं त्याने विचारलं, ते फोनवर सांगून संपेना.

टिकतं. एक गोष्ट सांभाळलीस तर तुझ्यापेक्षा जास्त टिकेल. ती गोष्ट पुढे येईलच.

या इंजिनाला कंपनीच्या भाषेत एफ8बी म्हणतात. तीन सिलिंडर, बोअर (सिलिंडरचा व्यास) 68.5 मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) 72. दर सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह, वर ते उघडणारा एकच दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, आणि तो फिरवणारा टायमिंग बेल्ट. ताकद मॉडेलप्रमाणे जेमतेम 37 ते 39 अश्वशक्ती. आकडा ऐकून पोरं हसतात. पण गाडीचं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास आणि स्ट्रोक लांब, त्यामुळे खालच्या आरपीएमला इंजिन छान ओढतं. नवी पेठेतल्या गर्दीत दुसऱ्या गिअरवर नुसती सोडून द्या, मुकाट चालत राहते. एसी लावून चार माणसांनिशी घाट चढायचा म्हटलं की मात्र एसी बंद. यात गाडीचा अपमान नाही, हिशोबच तेवढा आहे.

तीन सिलिंडरचं इंजिन उभ्या गाडीत थरथरतं. सिग्नलला थांबलो की आरशातला मागचा रिक्षावाला मला हलताना दिसतो. पिस्टन वर-खाली जाताना इंजिनाची दोन टोकं आळीपाळीने झोके खातात, त्याचा हा थरकाप. नवा मालक घाबरून माउंटिंग, म्हणजे इंजिनाखालची रबरं, बदलून बसतो. आधी थोडा ॲक्सिलरेटर द्या. थरथर विरली तर काही बिघडलेलं नाही. नाही विरली तर बहुधा एखादा सिलिंडर मारत नाही. चारातला एक गेला तर पाव ताकद जाते, इथे तिसरा हिस्सा जातो, त्यामुळे चढावर लगेच कळतं. मिस्त्री प्लगच्या वायरी एकेक काढून बघतो. जी काढल्यावर आवाजात काहीच फरक पडत नाही, तिथे दुखणं.

व्हॉल्व्ह दाबणाऱ्या टॅपेटचंही तसंच, आवाज म्हणजे बिघाड नव्हे. इंजिन पूर्ण थंड असताना फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून स्क्रूने सेट करायचे, अर्ध्या तासाचं काम. मला त्यांची टकटक आवडत नसे, म्हणून मी एकदा "जरा आवळून टाक" म्हणालो. मिस्त्रीने पाना खाली ठेवला. "डॉक्टर, वाजणारा टॅपेट परवडला. आवळलेला गप्प बसतो आणि व्हॉल्व्ह जाळतो." व्हॉल्व्ह सीटवर नीट टेकलाच नाही तर त्याची उष्णता हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणात, उतरत नाही, हे त्याने मला कपबशीवर दाखवलं. तेव्हापासून ती टकटक मला गोड वाटते.

आता सांभाळायची गोष्ट. हे इंजिन सगळं सोसतं. उशिरा बदललेलं ऑइल, भेसळीचं पेट्रोल, माझ्या बायकोचं अर्ध्या क्लचवर चालवणं (तिचं मत: माझंच) सगळं सोसलं. उष्णता सोसत नाही. 2016 च्या मे महिन्यात तुळजापूरहून परत येताना रेडिएटरचा पंखा लागलाच नाही. स्विच मेला होता, दीडशे-दोनशे रुपयांची वस्तू. तापमानाचा काटा नेहमी अर्ध्याच्या जरा खाली उभा असतो, तो वर सरकताना मला दिसला. पण म्हटलं, आता सोलापूर किती राहिलं? घरी पोचलो ते मागे पांढरा धूर काढत. दुसऱ्या दिवशी ऑइलची डिपस्टिक काढली तर तिच्यावर दुधाच्या चहासारखं काहीतरी. ऑइलमध्ये पाणी गेलं होतं.

मिस्त्रीने हेड उतरवलं. ॲल्युमिनियमचं हेड त्याने गोणपाटावर उलटं ठेवलं, पुसलं, त्यावर पोलादी पट्टी आडवी उभी केली आणि मला खाली वाकून बघायला लावलं. पलीकडे बल्ब होता. पट्टीच्या मधोमध खालून उजेडाची केसाएवढी रेघ दिसत होती. तेवढा बाक. तेवढ्याने हेडखालचं पॅकिंग फुटलं होतं, दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधे. हेड लेथवर फेस (सपाट) करून आणलं, नवं पॅकिंग, व्हॉल्व्ह सील, टायमिंग बेल्ट, कूलंट, सगळं मिळून साडेनऊ हजार. चूक माझी होती, इंजिनाची नव्हे. त्यानंतर नुसतं पाणी कधी ओतलं नाही. साध्या पाण्याने ॲल्युमिनियम आतून कुरतडलं जातं. आणि काटा सरकला की गाडी बाजूला, बायको कितीही बोलली तरी.

किरकोळ तक्रारी पुष्कळ आहेत. टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि डिस्ट्रिब्यूटरची ओ-रिंग दर तीन-चार वर्षांनी पाझरते. दोन्ही स्वस्तातली कामं.

कार्ब्युरेटरवाल्यांना अलीकडे नवी डोकेदुखी आहे ती 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहून इथेनॉलला नावं ठेवणं बरं दिसत नाही, पण 1997 साली ही गाडी बनवताना कोणी याचा विचार केलेला नव्हता. जुनं रबर त्याने फुगतं, भेगाळतं. मी पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा डायफ्राम आधीच बदलून घेतला. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे ॲव्हरेजही उतरलं. पूर्वी हायवेला 18 मिळायचे, आता 16 वर समाधान. टाकी 28 लिटरचीच आहे, म्हणजे पंपाची गाठभेट वाढली.

कार्ब्युरेटर की एमपीएफआय (सेन्सरच्या हिशोबाने पेट्रोल फवारणारी नंतरची पद्धत)? रोज चालवायची असेल तर एमपीएफआय. चोक ओढून सकाळी गाडीची मनधरणी करावी लागत नाही. सेन्सर गेला तर रस्त्यात पक्कड-वायर घेऊन काही करता येत नाही, हे खरं, पण तो क्वचित जातो. पार्टची चिंता नको. 1983 च्या डिसेंबरपासून 2014 च्या जानेवारीपर्यंत 800 बनत होती, याच 796 सीसीवर ओम्नी 2019 पर्यंत चालली. अल्टोला बोअर-स्ट्रोक तेच, पण हेड बारा व्हॉल्व्हचं, त्यामुळे दुकानदाराने "सेमच आहे" म्हणून अल्टोचं हेड पॅकिंग पुढे केलं तर घेऊ नका. गाडी घेताना वर्षही बघा: एप्रिल 2010 ला बीएस-4 हे धुराचे कडक निकष लागू झालेल्या 13 शहरांत सोलापूर होतं, 800 त्यांत बसत नव्हती, तेव्हा इथे नवी 800 मिळणं बंद झालं. इथल्या पासिंगची त्यानंतरची गाडी कोणी दाखवली तर कागद दोनदा वाचा.

गेल्या रविवारी भाच्याबरोबर एक बघायला गेलो. सकाळी आठची वेळ ठरली होती. आम्ही पोचायच्या आत मालकाने गाडी धुऊन अंगणात उभी केलेली, भाचा रंगावरच खूश. मी बोनेटवर हात ठेवला. गरम होतं. इंजिनाची दुखणी थंड असताना कळतात, आधीच गरम करून ठेवलं की लपतात. "काका, आत्ताच जरा राउंड मारून आणली," मालक म्हणाला. आम्ही चहा घेतला आणि परत आलो.