'शुद्ध इटालियन' मधपेट्यांच्या नावाखाली झालेली फसवणूक

सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर भागातल्या डाळिंबवाल्यांनी हे जरूर वाचावं. सेटिंगसाठी, म्हणजे माश्यांनी पराग फिरवून फुलांची फळं धरावीत म्हणून, मधपेट्यांची मागणी वाढली तसे त्या विकणारे ठगही वाढलेत. मला त्यातल्याच एकाने लुटलं.

हस्त बहराची (पावसाळा सरताना येणाऱ्या फुलोऱ्याची) कळी निघायच्या आत पेट्या हव्या होत्या. आपल्याकडे जो तो इटालियन माशी, म्हणजे मेलिफेराच मागतो, आणि ते बरोबरच आहे. आपल्या देशी माश्यांपैकी आग्या पेटीत राहत नाही. सातेरी फुलोरा आटला की पेटी सोडून निघून जाते. मेलिफेरा शांत, पेटीत टिकणारी, मधही कितीतरी जास्त देणारी. 1960 च्या दशकात हिमाचलातल्या नगरोटा बगवाँला ती रुजली आणि तिथून देशभर गेली. पण ऐन बहरात सोलापुरात चांगली पेटी मिळणं मुश्कील. ठगांना नेमकी हीच अडचण सापडते.

व्हॉट्सॲपवर जाहिरात आली: 'शुद्ध इटालियन, इम्पोर्टेड राणी, आठ फ्रेम फुल्ल.' फ्रेम म्हणजे पेटीतली पोळ्याची चौकट. फोनवरचा माणूस गोड बोलणारा. "दादा, तुम्ही फक्त जागा दाखवा, बाकी माझ्यावर सोडा." निम्मे पैसे ॲडव्हान्स, निम्मे माल उतरल्यावर. पेट्या रात्री आल्या. माश्या रात्रीच हलवतात, त्यामुळे त्यात वावगं काही नव्हतं. "आत्ता झाकण काढू नका, खवळल्यात," म्हणत टेम्पोवाल्याने उरलेले पैसे घेतले आणि निघून गेला.

माश्या स्थिरावल्यावर ओळखीच्या एका मधपाळ काकांना बोलावलं. आठपैकी तीनच फ्रेमवर माश्या. बाकीची जुनी काळी पोळी, त्यांत मेणकिड्याची (पोळं खाणाऱ्या अळीची) जाळी. काकांनी एक फ्रेम उन्हात तिरकी धरली आणि घरांत बघायला सांगितलं. एकेका घरात दोन-दोन, तीन-तीन अंडी, तीही भिंतीला चिकटलेली.

"राणी एका घरात एकच अंडं घालते, तळाशी. ही कामकऱ्यांनी घातलेली. राणी कधीच मेलीय यांची."

कामकरी माश्यांच्या अंड्यांतून फक्त नर निघतात आणि नर ना मध आणतात, ना पराग. नव्या कामकरी तयार होत नाहीत, असलेल्या मरत जातात. बहुतेक पेट्यांची हीच गत होती. बहर संपायच्या आत त्या रिकाम्या झाल्या. पैसे गेलेच, सेटिंगही गेलं.

'शुद्ध इटालियन' हे तर धादांत खोटं. राणी उंच हवेत उडताना अनेक नरांशी मिलन करते. ते नर कुणाच्या पेटीतले, हे कोण सांगणार?

पेटी दिवसा, आपल्यासमोर उघडायला लावा. राणी दिसलीच पाहिजे. अंडी, अळ्या आणि बंद ब्रूड (मेणाच्या झाकणाखाली वाढणारी पिल्लं) तिन्ही असू द्या. बंद ब्रूडची झाकणं सपाट हवीत. बंदुकीच्या गोळीच्या टोकासारखी फुगीर असली तर आत नर आहेत. दोन्ही बाजूंनी माश्यांनी झाकलेली फ्रेमच मोजा, आणि पैसे त्यानंतरच. विकणारा नाही म्हणाला तर पेटी घेऊच नका.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवा. मी नोंदवलीय, पैसे अजून आलेले नाहीत. त्याचा नंबर बंद आहे, पण तोच निळ्या पेट्यांचा फोटो आता दुसऱ्या नंबरवरून आपल्या भागातल्या डाळिंबाच्या ग्रुपांवर फिरतोय, 'आंबे बहरासाठी (हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्यासाठी) बुकिंग सुरू' म्हणून.