१८९७ चा सीअर्स कॅटलॉग : अमेरिकेचा इतिहास वाचायचाय तर आधी हा घ्या

अमेरिकेच्या इतिहासावर काय वाचू असं कोणी विचारलं की राष्ट्राध्यक्षांची चरित्रं, सिव्हिल वॉरचे जाडजूड ग्रंथ वगैरे मी नंतर सांगते, पहिलं नाव घेते सीअर्स, रोबक अँड कंपनीच्या १८९७ च्या कॅटलॉगचं. हो, कॅटलॉगच, टपालाने माल विकणाऱ्या शिकागोच्या कंपनीचा. १९६८ साली चेल्सी हाऊसने तो जसाच्या तसा पुन्हा छापला आणि नंतर दुसऱ्यांच्याही आवृत्त्या आल्या. साडेसातशेच्या वर पानं, आणि प्रत्येक पान बारीक टायपात आणि रेखाचित्रांनी गच्च भरलेलं.

आधी थोडी पार्श्वभूमी देते, नाहीतर नुसती चित्रं बघून मजा येते पण हाती फार काही लागत नाही. रिचर्ड सीअर्स हा मिनेसोटात रेल्वेचा स्टेशन एजंट होता. १८८६ मध्ये तिथल्या एका व्यापाऱ्याने घड्याळांची पेटी घ्यायला नकार दिला, ती याने स्वतः घेतली आणि लाईनवरच्या इतर स्टेशन एजंटांना घड्याळं विकून टाकली, तिथून धंदा सुरू. मग शिकागोला आला, अल्वा रोबक नावाचा घड्याळजी जोडीला घेतला. कॅटलॉगने माल विकायची कल्पना मात्र त्याची नाही हं, मॉन्टगोमेरी वॉर्डने शिकागोतच १८७२ ला ते सुरू केलं होतं.

आता हे चाललं का, तर १९०० च्या जनगणनेत सुद्धा साधारण ६० टक्के अमेरिका खेड्यात राहत होती, आणि खेड्यात एकच जनरल स्टोअर, तो सांगेल तो भाव, वर उधारीची वही त्याच्याच हातात. अशा घरात छापील किमतींचं पुस्तक येऊन पडल्यावर काय झालं असेल! १८९६ पासून सरकारने शेतावरच्या घरापर्यंत टपाल पोचवायला सुरुवात केली तो याला मोठाच आधार. पण टपालाने चार पौंडांच्या वरचं पार्सल जायचंच नाही, ते १ जानेवारी १९१३ ला पार्सल पोस्ट आल्यावर बदललं. त्यामुळे जड माल रेल्वेने किंवा खाजगी एक्सप्रेस कंपन्यांकडून यायचा आणि म्हणूनच या कॅटलॉगात शेगडीच्या चित्राखाली किमतीबरोबर तिचं वजनही दिलेलं असतं. गिऱ्हाईक भाड्याचा हिशोब घरी बसून करणार ना. मला अशा जागा फार आवडतात, रेल्वेचं अर्थकारण शिकवायला वेगळं प्रकरण लागत नाही.

औषधांची पानं तर नक्की बघा. लॉडनम म्हणजे अफूचा अर्क, तो राजरोस विकायला ठेवलाय, आणि त्याच विभागात अफू-मॉर्फिनची सवय सोडवायचं औषधही आहे, तेही याच दुकानाचं. औषधात अफू असेल तर लेबलवर छापा अशी सक्ती १९०६ च्या कायद्याने आली. तो कायदा का लागला हे मला इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कुठल्या पुस्तकाने समजावलं नाही. १९०२ च्या कॅटलॉगचं पुनर्मुद्रण मिळालं तर त्यात हायडेलबर्ग इलेक्ट्रिक बेल्ट बघा, कमरेला बांधायचा विजेचा पट्टा, अशक्तपणावर इलाज म्हणून अगदी गंभीरपणे विकलेला.

अजून एक गोष्ट मनाला लागली. त्या काळच्या सीअर्सच्या कॅटलॉगांत ऑर्डर कशी करायची याच्या सूचना असायच्या आणि त्यात म्हटलेलं असायचं की तुमच्या पद्धतीने लिहा, कुठल्याही भाषेत लिहा, अक्षर चांगलं नसलं तरी चालेल. जर्मन, स्वीडिश शेतकरी नुकते येऊन वसलेले, त्यांना हे केवढं वाटलं असेल, आम्ही अमेरिकेत बाहेरून आलेली माणसं म्हणून मला ते जास्तच पोचलं. आणि दक्षिणेतल्या काळ्या लोकांसाठी तर याहून मोठी गोष्ट, दुकानात गोरी गिऱ्हाइकं संपेपर्यंत ताटकळत उभं राहायचं, दुकानदार देईल तो माल घ्यायचा, त्याऐवजी पत्र टाकलं की तोच माल त्याच भावात. छोट्या गावांतल्या दुकानदारांनी या कॅटलॉगांच्या होळ्या केल्या त्या उगाच नाही. पुढे याच कंपनीचा प्रमुख झालेल्या ज्युलियस रोझेनवाल्डने काळ्यांच्या शिक्षणासाठी झटणारे नेते बुकर टी. वॉशिंग्टन यांच्याबरोबर दक्षिणेत काळ्या मुलांसाठी शाळा बांधायला पैसा दिला, जवळजवळ पाच हजार शाळा झाल्या.

पण हे सगळं कॅटलॉगात लिहिलेलं नाही, आणि हीच याची खरी उणीव. कोणी काय विकत घेतलं, कोणाला परवडत नव्हतं, पुस्तक गप्प. किंमत दिसते, पगार दिसत नाही. म्हणून सोबत सेन्सस ब्युरोचे, म्हणजे अमेरिकेच्या जनगणना खात्याचे, हिस्टॉरिकल स्टॅटिस्टिक्सचे दोन खंड ठेवा, १९७५ ची आवृत्ती, ती ऑनलाइन फुकट मिळते, त्यात मजुरी, शेतमालाचे भाव सगळे तक्ते आहेत. एका बाजूला शिवणयंत्राची किंमत आणि दुसऱ्या बाजूला शेतमजुराची कमाई ठेवली की मग पानं बोलायला लागतात. हे दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय "अहो किती स्वस्ताई होती" असं कृपया म्हणू नका.

घरांची आवड असेल तर डोव्हरने १९१० आणि १९२६ चे सीअर्सचे घरांचे कॅटलॉग छापलेत. १९०८ ते १९४० कंपनी अख्खं घर विकायची, पुढे पुढे तर लाकूड कापून, नंबर घालून, खिळ्यांसकट रेल्वेने यायचं, अशी सत्तर हजारांच्या वर घरं गेली. आम्ही राहतो त्या शिकागोच्या पश्चिमेच्या उपनगरांत, एल्जिन, डाउनर्स ग्रोव्ह इकडे ती अजून उभी आहेत आणि लोक राहतात त्यांत. १९२६ चं पुस्तक घेऊन एल्जिनच्या गल्ल्यांतून फिरलो तेव्हा पोर्चचे खांब, छपराचा उतार जुळवायला मुलीला इतकी मजा आली की जेवायचं विसरली.

विकत घेताना एकच काळजी घ्या. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून मी आधी जी प्रत मागवली ती स्कॅनवरून ऑर्डरप्रमाणे छापलेली निघाली, कडेच्या ओळी कापलेल्या, बारीक आकडे नुसते काळे ठिपके, आणि किमतीच वाचता येत नसतील तर या पुस्तकाचा उपयोग काय? म्हणून आतल्या पानांचे फोटो मागा, आकडे वाचता येतायत का बघा, मगच पैसे द्या. जुनी हार्डबाउंड प्रत मिळाली तर तीच घ्या, आणि भिंग जवळ ठेवा, मूळ टाइपच बारीक आहे. आणि आधी नुसतं चाळून बघायचं असेल तर इंटरनेट अर्काइव्हवर सीअर्सचे बरेच जुने कॅटलॉग फुकट आहेत, तिथे औषधांच्या पानांपासून सुरुवात करा.