फ्लोअरचा पत्रा: 20, 18 की 16 गेज?

गाडीतली मॅट उचलली, गंजलेला फ्लोअर स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहिला आणि तो आरपार गेला. आता नवा पत्रा किती जाड घ्यायचा? बहुतेकांचं मन जाड पत्र्याकडे धावतं. एकदाच काय ते मजबूत करून टाकू, असा विचार. मीही तसाच केला होता आणि पस्तावलो.

आधी मापाचा घोळ मिटवू. गेजचा आकडा मोठा तितका पत्रा पातळ. 20 गेज म्हणजे साधारण 0.9 मिमी, 18 म्हणजे 1.2. 16 मात्र ब्रिटिश मापात 1.6 आणि अमेरिकन मापात 1.5 भरतो. त्यामुळे पत्रा घेताना मिलिमीटरमध्येच बोला. गाडीचा मूळ पत्राही मोजा, पण सडलेल्या जागी नाही. सीटखाली चांगला भाग शोधा, रंग खरवडा आणि तिथे मायक्रोमीटर लावा. स्वतंत्र चॅसी (बॉडीखालचा वेगळा लोखंडी सांगाडा) नसलेल्या कारमध्ये तो बहुधा 0.7 ते 1 मिमीच्या आसपास निघतो.

कारसाठी माझं मत 20 गेजला. लाकडी ठोकळ्यावर हातोडीने हवा तसा वळतो आणि मूळ पत्र्याच्या जोडीचा असल्याने वेल्डिंगची उष्णता दोन्ही बाजू सारखी घेतात. खोट एकच: सपाट ठेवला तर पाय पडला की डब्यासारखा वाजतो. म्हणून तर कंपनीच्या फ्लोअरला उभार पट्ट्या असतात. बीड रोलरवर (पत्रा दोन चाकांमध्ये दाबून उभार काढणारं यंत्र) तशा पट्ट्या काढल्या की हाच पत्रा सपाट 18 गेजपेक्षा ताठ बसतो.

पट्ट्या काढायची सोय नसेल तर 18 गेज घ्या. ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे 0.9 ऐवजी 1.2 मिमी घेतला तर सपाट पत्राही जवळपास 2.4 पट ताठ. वजन चौरस मीटरला 7 किलोवरून साडेनऊच्या आत जातं, ते काही फार नाही. नवख्या हाताला तो जरा सोसतोही, लगेच भोक पडत नाही. त्रास होतो तो टनेलच्या (फ्लोअरच्या मधोमध लांबीने जाणारा उंचवटा) गोलाईत आणि कोपऱ्यांत, तिथे ठोकून ठोकून हात भरून येतात. चॅसीवर बसणाऱ्या जीप-पिकअपला मी डोळे झाकून हाच घेईन.

आता 16 गेज. मी तो पातळ फ्लोअरला जोडायला गेलो. जाड पत्रा वितळवायला करंट वाढवला की शेजारचा जुना पत्रा जळून मागे सरायचा. भोक बुजवायला गेलं की बाजूला दुसरं. शेवटी दोन बोटं रुंद चांगला पत्रा कापून काढला आणि पातळ पत्रा आणून नव्याने सुरुवात केली. 16 गेज शोभतो तो सीटचे बोल्ट आणि बेल्टचे अँकर यांच्याखाली आधाराची प्लेट म्हणून. तिथेही मूळ प्लेट किती जाड होती ते आधी बघा. नव्या गाड्यांत आसपासचे आडवे मेंबर (फ्लोअरला आधार देणाऱ्या आडव्या पट्ट्या) जास्त ताकदीच्या स्टीलचे असतात, त्यांना हात लावण्याआधी कंपनीचं रिपेअर मॅन्युअल उघडा.

पत्रा सीआरसीए (थंड लाटलेला साधा स्टीलचा) की गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेला)? सीआरसीए स्वच्छ वेल्ड होतो, पण रंग लागेपर्यंत उघडा राहिला की गंज धरतो. गॅल्व्हनाइज्ड गंजाला टिकतो, मात्र जस्त 907 अंशांना उकळतं आणि स्टील 1500 च्या आसपास वितळतं. म्हणजे जोड लागण्याआधीच जस्ताचा धूर निघतो. तो छातीत गेला की रात्री थंडीताप भरतो, वेल्डसुद्धा सच्छिद्र होतं. कडेचं दोन-तीन सेंटिमीटर जस्त घासून काढा, मास्क लावा, दार-खिडक्या उघड्या ठेवा.

वेल्डिंगला 0.6 मिमीची मिग वायर (मिग वेल्डिंग मशीनमधून आपोआप पुढे सरकणारी तार) पुरते. सलग ओढू नका, टाके घाला: एक इकडे, एक तिकडे, मध्ये पत्रा थंड होऊ द्या. एका दमात ओढलं तर 18 गेजसुद्धा पापडासारखा वाकतो.

आणि जाड पत्रा गंजत नाही, हा समज सोडा. पाणी शिरतं ते जोडाच्या फटीत. सीलर वरून आणि खालूनही भरा. जुन्या फ्लोअरला पाणी निघायची भोकं होती, ती नव्या पत्र्यात पाडून त्यांची रबरी बुचं परत बसवा. माझी बुचं जुन्या पत्र्याबरोबर भंगारात गेली होती.